मातीची मगर

पौषातल्या अमावास्येला आई
खाजनाच्या बांधावर चिखलाची मगर करायची.
दुर्भाटात सगळेच करतात,
पण आईची हलते, असं बायका म्हणत.
पाठीवर तिसऱ्यांच्या शिंपल्या,
काड्यांचे दात,
शेपटी अशी वळवलेली
की आत्ताच पाण्यातून वर आली असावी.

शेवटी पाठीत मूठभर खड्डा.
त्यात कोंबडीचं पिल्लू,
वर चिखलाचं झाकण, हलक्या हातानं,
बाळाच्या टाळूवर तेल घालावं तसं.

पिल्लू कशाला? मी विचारलं.
एक दिलं, आई म्हणाली,
की ती बाकीच्यांचं नाव काढत नाही.

आम्ही तिघं. सुकांती, मी, दिगू.
बाबा बार्जवर.
पंधरवड्यानं जुवारीच्या वळणावर भोंगा वाजे,
आधी लांब, मग दोनदा तुटका.
तो आम्ही झोपेतही ओळखायचो.
आई दिगूला मांडीवर ओढून
त्याचे कान तळव्यांनी झाकायची.
मला उकड्या तांदळाच्या पिंपामागे बसवायची.
त्याआधी ताट वाढून झालेलं असे,
लिंबाची फोडसुद्धा.
आणि म्हणायची,
वच गो सुकांती, तूं व्हर.

पितळेचं ताट जमिनीवर पडलं
की त्याचा आवाज गोल गोल फिरत विझतो.
मी मोजलाय. एकोणीसपर्यंत.
विसावा आवाज
ताटाचा नसायचा.

सकाळी आई भिरंडेल वितळवून
सुकांतीच्या पाठीला चोळायची,
फुंकर घालत, तिचे केस बाजूला धरून.
इतक्या मायेनं तिनं मला कधी हात लावला नाही.
मला तेव्हा हेवा वाटायचा.
हे मी
आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

शाळेत बाई विचारायच्या,
ही भिंतीला टेकून का बसत नाही?
सवय आहे तिची, आई म्हणायची,
आणि बाईंना परसातला फणस पाठवून द्यायची.

सतराव्या वर्षी सुकांती
रासयच्या फेरीबोटीत चढली
ती हातात फक्त छत्री घेऊन. ऊन होतं.

त्या अमावास्येला कोंबडी खुडूक नव्हती,
घरात पिल्लू नव्हतं.
आईनं मगरीची पाठ उघडी ठेवली,
हात धुतले,
आणि कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली.

पुढच्या खेपेला बार्ज आली, बाबा आले नाहीत.
मुरगावला जहाजाला लागताना
पाय घसरला म्हणे.
आई रडली. खरंच रडली, बांगड्या फुटेपर्यंत.
मी पिंपामागे जाऊन बसले
सवयीनं, आणि एकोणीसपर्यंत मोजलं.
मी वाचले ती
कुठल्याशा ओल्या डेकमुळे.
आईमुळे किती, ते मला मोजता येत नाही.

आता आईच्या तोंडात दात नाहीत.
सुकांती वास्कोहून येते दर रविवारी,
पेज भरवते, चमच्यावर फुंकर घालून.
परवा म्हणाली, आई, मीच का?
पंखा फिरत होता. बाहेर पोदेराचा पों पों.
मला वाटलं, ऐकलं नाही तिनं.
मग आई म्हणाली, अगदी सरळ,
तूं रडनाशिल्लें म्हूण.

सुकांतीनं तिची हनुवटी पुसली.
पुढचा चमचा भरला.
मी तिच्या हाताकडे बघत होते.
हलला नाही.

संध्याकाळी माझी लेक बांधावरून आली,
कोपरापर्यंत चिखल,
फळकुटावर वीतभर मगर.
दात बरोबर. शेपटी वळवलेली.
मी तिला कधी शिकवलं नव्हतं.
हिच्या पाठीत काय ठेवू? म्हणाली.
काही नको, मी म्हटलं.
दारात सुकांती चपला घालता घालता थांबली.

मग ती काय खाणार,
लेकीनं विचारलं,
आणि आम्हा दोघींकडे
आळीपाळीनं पाहिलं.